बघणार त्या कॉम्प्युटरवर आधी चालवून बघा

मंडळी, आपल्याकडं मंडळांच्या कपाटांत आणि जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर मिनी डीव्हीच्या, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या छोट्या डिजिटल कॅसेटींचे खोके पडून आहेत. बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ, येळ्ळूरच्या कुस्त्या, खानापूरकडच्या यात्रा, आणि लग्नं तर मोजायला नकोतच. आता पोरं हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागलीत. पुढची तक्रार मात्र ठरलेली: "फाइल उघडतंय सर, पण अडकत अडकत चालायलंय."

अशा वेळी कुणीतरी सांगतं, सगळ्यात नवा कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत वापर, फाइल निम्मी होते. फाइल लहान होते हे खरं. एच.264 आला 2003 साली, एच.265 म्हणजे एचईव्हीसी 2013 साली, एव्ही1 2018 साली. प्रत्येक नव्यानं तेवढंच चित्र कमी जागेत बसवलं. त्याबदल्यात चित्र उलगडायची आकडेमोड वाढली, आणि ती करायची आपल्या कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरनं.

व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये एक स्वतंत्र भाग असतो. कारखान्यातून निघताना त्याला जे फॉरमॅट येतात तेवढेच येतात, नंतर सॉफ्टवेअर टाकून नवा शिकवता येत नाही. इंटेलच्या प्रोसेसरांत 8-बिट (रंगांच्या नेहमीच्या छटांचं) एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून आलं, 10-बिट (जास्त बारीक छटांचं) सातव्या पिढीपासून, आणि एव्ही1 थेट अकराव्या पिढीत, 2020 साली. हा भाग मदतीला नसला की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. पंखा ओरडतो, आवाज पुढं जातो, चित्र मागं राहतं. व्हीएलसी हा फुकटातला प्लेअर जवळपास काहीही उघडतो, म्हणून माणूस फसतो. उघडणं वेगळं, सुरळीत चालणं वेगळं. विंडोजचा स्वतःचा प्लेअर तर काही ठिकाणी एचईव्हीसीसाठी एक्स्टेन्शन, म्हणजे वेगळी जोडणी मागून मोकळा होतो.

फाइलच्या नावामागं एमपी4 लागलंय यावरूनही काही ठरत नाही, आत यातलं काहीही भरलेलं असू शकतं. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबा, आत काय आहे ते दिसेल. तिथं नुसतं एच.264 बघून थांबू नका. तेच 10-बिट केलेलं असेल तर बहुतेक कॉम्प्युटरांची चिप त्याला हात लावत नाही. व्हिडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलणाऱ्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एक्स264 (एच.264 बनवणारा) आणि एक्स264 10-बिट शेजारी शेजारी दिसतात. आपल्याला साधं पाहिजे, 8-बिटवालं.

आता आपल्या कॅसेटींचा हिशेब करू. मिनी डीव्हीचं चित्र 720 बाय 576, एका तासाला साधारण 13 जीबी. एच.264 मध्ये सेकंदाला 3 मेगाबिट दिले तर तोच तास सव्वा जीबीच्या आसपास येतो. एचईव्हीसी करून आणखी पाचसहाशे एमबी वाचतील, आणि तेवढ्यासाठी निम्म्या गावाला ती फाइल नीट दिसणार नाही. मला हा सौदा पटत नाही. एवढं लहान चित्र एच.264 मध्ये पंधरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटरही सहज चालवतो. मोबाइलवर काढलेलं फोरके असेल आणि मशीन नवं असेल, तर मीच तुम्हाला एचईव्हीसी सुचवीन.

कुस्तीच्या कॅसेटीत अजून एक गोम आहे. पैलवान हलला की त्याच्या अंगाभोवती फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हा कोडेकचा दोष नव्हे. जुन्या कॅमेऱ्यात चित्र अर्धं-अर्धं, सेकंदाला पन्नास वेळा टिपलेलं असतं, ते डीइंटरलेस करावं, म्हणजे अर्ध्यांची पूर्ण चित्रं करावी लागतात. तिथं हँडब्रेकमध्ये डीइंटरलेसची बॉब ही पद्धत निवडा, म्हणजे सेकंदाला 50 चित्रं मिळतात. 25 घेतली तर निम्मी हालचाल जाते. धोबीपछाड कधी सुरू झाला आणि समोरचा कधी आडवा पडला, ते कळायचं नाही.

दर्जाचा आरएफ आकडा 18 ते 20 ठेवा. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एचईव्हीसी बनवणाऱ्या एक्स265 चा आकडा एक्स264 शी ताडून बघू नका, दोघांची मापं वेगळी आहेत. आवाजासाठी एएसी हा फॉरमॅट निवडा.

मूळ डीव्ही फाइल कुणी पुसू नका. दोन टीबीच्या डिस्कवर दीडशे तास बसतात, आणि पुढं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये न्यायची वेळ आली तर त्याच फाइलीवरून न्यायचं. तोवर गर्दीच्या, धावपळीच्या शॉटची पाच मिनिटं एच.264 मध्ये बदलून घ्या, जिथं लोक बसून बघणार त्याच कॉम्प्युटरवर चालवा. तिथं सुरळीत गेलं, की बाकीचा ढीग रात्रभर लावून द्या.