एक मे : बडोद्याचे दोन रविवार

नमस्कार, श्रोतेहो.

आज एक मे. मुंबई-पुण्याकडे महाराष्ट्र दिन, आपल्याकडे बडोद्यात गुजरात दिन. नातेवाइकांचे शुभेच्छांचे फोन येतात आणि आपणही उलट शुभेच्छा देतो. पण बडोद्याच्या इतिहासात ही तारीख १९६०च्या आधीच नोंदली गेली होती. १ मे १९४९, रविवार. त्या दिवशी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. दमाजीराव गायकवाडांच्या काळापासून दोनशेहून अधिक वर्षं चाललेलं राज्य संपलं. स्वतःची आज्ञापत्रिका म्हणजे सरकारी राजपत्र, स्वतःचं वरिष्ठ कोर्ट, अमरेलीपासून नवसारीपर्यंत विखुरलेले प्रांत, या सगळ्याचा कारभार मुंबईच्या सचिवालयाकडे गेला.

मला मात्र त्याच्या आदल्या दिवसाबद्दल जास्त बोलायचं आहे. ३० एप्रिल १९४९. संस्थानाचा शेवटचा दिवस, आणि याच दिवशी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. राज्य जाणार हे ठरलेलं होतं. जाता जाता त्यानं शहराच्या हाती विद्यापीठ ठेवलं. संस्थानाचे शेवटचे राजे प्रतापसिंहराव महाराज यांच्या वाट्याला इतिहासात कडू शब्दच जास्त आले. दोन वर्षांनी, १९५१मध्ये, भारत सरकारनं त्यांना पदावरून दूरही केलं. तरी आजोबांच्या नावाचं हे विद्यापीठ त्यांच्या कारकिर्दीत उभं राहिलं, याचं श्रेय त्यांना मोकळ्या मनानं द्यायला हवं. ते आपण देत नाही, याची मला खंत वाटते.

अर्थात, पाया आधीचा होता. बडोदा कॉलेज १८८१चं. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा त्याचा घुमट आज कला शाखेच्या इमारतीवर आपण पाहतो. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर आत जाऊनच पाहा. पुस्तकांची लोखंडी कपाटं मजल्यामागून मजले वर चढत जातात, आणि मधली जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा. वाचणाऱ्याची इतकी काळजी त्या काळात घेतली गेली!

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या आणि संविधान सभेच्या सदस्य. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष'ऐवजी 'सर्व माणसं' असा शब्द यावा म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्यांचे पती डॉ. जीवराज मेहता, जन्म अमरेलीचा, म्हणजे गायकवाडी मुलखातलाच. सप्टेंबर १९४८मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. विलीनीकरण झालं, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, तोही रविवारच, साबरमती आश्रमात समाजसेवक रविशंकर महाराजांच्या हस्ते गुजरात राज्याचं उद्घाटन झालं. पहिले मुख्यमंत्री झाले हेच डॉ. जीवराज मेहता. एका एक मेच्या तोंडावर बडोद्याचा कारभार पाहणारा माणूस दुसऱ्या एक मेला अख्ख्या गुजरातचा कारभार हाती घेतो, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत सांगायला हवी.

आणि आपण मराठी मंडळी? अकरा वर्षं आपण मुंबईच्या राज्यात होतो. मग भाषेप्रमाणे राज्यं झाली आणि आपली भाषा पलीकडे गेली. पण दांडिया बाजारातले वाडे, रावपुऱ्यातली दुकानं, नोकऱ्या, देवळं, गणपती, सगळं इथंच होतं. घरात मराठी, बाजारात गुजराती, हे आपल्या आजी-पणजीलाही नवीन नव्हतं. मराठी वाङ्मय परिषदेचं काम चालू राहिलं, आणि २०१८मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं.

शेवटी एक विनंती. १९४९चा तो रविवार ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, अशी माणसं आता फार थोडी उरली आहेत. तुमच्या घरात असे कोणी आजी-आजोबा असतील तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, त्या दिवशी गल्लीत काय बोलणं चाललं होतं ते विचारा, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. माळ्यावरच्या ट्रंकेत संस्थानी नोकरीचे कागद, दाखले, आज्ञापत्रिकेचे अंक सापडले, तर रद्दीत घालू नका.

नमस्कार.