किल्ली जेवणाच्या टेबलावर

नमस्कार श्रोतेहो. आज एका शाळेबद्दल बोलायचंय. शाळा क्युबात, पण क्युबाची नाही. शाळा अमेरिकेची, पण अमेरिकेत नाही. ग्वांतानामो बे हे नाव तुम्ही ऐकलंय ते 2002 साली तिथे उघडलेल्या तुरुंगामुळे. त्याच अमेरिकन नाविक तळावर मुलं डबा घेऊन शाळेत जातात, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. शाळेचं नाव डब्ल्यू. टी. सॅम्पसन. सुरुवात 1931 ची. जर्मनीतल्या अमेरिकन फौजेच्या मुलांसाठी शाळा निघाल्या त्या 1946 मध्ये. म्हणजे ही त्यांच्याहून पंधरा वर्षांनी थोरली.

आता हे सॅम्पसन कोण? 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धातले अमेरिकन ताफ्याचे प्रमुख. क्युबातल्या सँटियागोच्या बंदरात स्पॅनिश जहाजं कोंडली होती आणि बाहेर पहारा सॅम्पसनसाहेबांचा. 3 जुलैला सकाळी साहेब आपलं जहाज घेऊन पायदळाच्या जनरलला भेटायला निघाले आणि नेमकी तेव्हाच स्पॅनिश जहाजं बाहेर पडली. लढाई झाली, जिंकलीही, पण साहेब पोचेपर्यंत बरंचसं आटोपलं होतं. तार मात्र त्यांच्याच नावानं गेली: राष्ट्राला 4 जुलैची भेट म्हणून सगळं स्पॅनिश आरमार! पुढे श्रेय कोणाचं यावरून बरीच वर्षं भांडण चाललं. माझं आपलं मत, शाळेला सेनापतीचं नाव देण्यापेक्षा तिथल्या पहिल्या शिक्षकाचं द्यावं. निदान तो हजर तरी असतो.

तर मुद्दा काय, की शाळा 1931 ची आणि तळावरची. तळावरच्या शाळेचं एक वेगळंच असतं. गावातली शाळा पाऊसपाण्यावर चालते, तळावरची शाळा जगाच्या राजकारणावर. हे मी उगीच म्हणत नाही. 22 ऑक्टोबर 1962, सोमवार. हा दिवस मला सांगायचाच आहे. खरं सांगू, सगळं भाषण त्याच्यासाठीच घेतलंय.

आठवड्याचा पहिला दिवस. नवरे ड्युटीवर, मुलं वर्गात. घरोघरी बायकांची सकाळची कामं चाललेली. धुतलेले कपडे वाळत टाकायचे, कुकरकडे एक डोळा, हे तुम्हाला सांगायला नको. सोमवार सगळीकडे सारखाच असतो. आणि निरोप आला. तळ सोडायचा. आज. आत्ता. कारण? कारण कोणी सांगेना.

सूचना अगदी मोजक्या. एक माणूस, एक बॅग. पाळीव प्राणी असेल तर अंगणात बांधा. घराची किल्ली जेवणाच्या टेबलावर ठेवा. आणि दारापुढे बसची वाट बघत उभ्या राहा. पुन्हा सांगतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एक माणूस, एक बॅग. कुत्रा अंगणात. किल्ली जेवणाच्या टेबलावर.

आता तुम्हीच सांगा, एका बॅगेत काय भरायचं? आपल्याकडे दोन दिवसांच्या लग्नाला निघालं तरी तीन बॅगा, एक पिशवी आणि वर स्टीलचा डबा. इथे काही मिनिटांत ठरवायचं, लग्नाचे फोटो घ्यायचे की धाकट्याचे गरम कपडे. गरम कपडे तर बहुतेकींच्या डोक्यातही आले नसतील. क्युबात ऑक्टोबर म्हणजे उकाडा. आणि किल्ली! घर बंद केलं की किल्ली शेजारी द्यायची किंवा कमरेला खोचायची, ही आपली रीत. किल्ली टेबलावर ठेवायची म्हणजे दार उघडंच टाकायचं. बाहेर पडणाऱ्या बाईनं ती किल्ली ठेवताना हात किती वेळ तसाच धरला असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

शाळेतल्या मुलांचं काय? अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सोमवारी मधेच दप्तर आवरायला सांगितलं तर त्याला पहिल्यांदा आनंद होतो. सुट्टी! हा आनंद फार टिकला नसणार. बस बंदराकडे वळली की मुलांना कळतं. मोठ्यांच्या आधी कळतं, असं माझं मत आहे, पण ते राहू दे.

बंदरात जहाजं उभी होती. अपशर, हायडीज, डक्सबरी बे, डिसोटो काउंटी. यातलं अपशर तेवढं माणसं वाहून नेणारं. हायडीज तर आरमाराला धान्य-भाजी पोचवणारं जहाज. काही जण विमानानं गेले, बाकीचे या जहाजांतून. बायका-मुलं मिळून 2,800 च्या वर. वडील मागे राहिले. तळावर उलट सैनिकांची भर पडत होती. मुलं बाहेर, मरीन आत.

त्याच संध्याकाळी 7 वाजता राष्ट्राध्यक्ष केनेडी टीव्हीवर आले आणि त्यांनी देशाला सांगितलं, क्युबात रशियन क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहताहेत. म्हणजे जगाला बातमी कळली संध्याकाळी. सॅम्पसन शाळेच्या वर्गातली बाकं रिकामी झाली होती त्याच्या कितीतरी आधी. तीन दिवसांनी जहाजं व्हर्जिनियात नॉरफोकला लागली तेव्हा तिथे थंडी, आणि मुलांच्या अंगावर क्युबाचे सुती कपडे. धक्क्यावर कोट वाटावे लागले. एक माणूस, एक बॅग, आणि त्या बॅगेत स्वेटर नाही.

संकट टळलं आणि नाताळच्या सुमारास कुटुंबं परत यायला लागली. शाळा पुन्हा भरली.

माझे वडील रेल्वेत होते. भुसावळ, दौंड, मिरज अशा आमच्या शाळा बदलल्या, आणि दर वेळी पुस्तकांचा संच वेगळा, कविता वेगळ्या. आपल्याकडे बदलीवाल्यांच्या मुलांसाठी 1963 पासून केंद्रीय विद्यालयं आली, फार सोय झाली. पण किल्ली टेबलावर ठेवून आम्हाला कोणी निघायला लावलं नाही. असो, विषयावर येतो.

1964 च्या फेब्रुवारीत क्युबाचे नेते कॅस्ट्रोंनी तळाचं पाणी तोडलं. तळानं जहाजानं पाणी आणलं, मग समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना उभारला. तेव्हापासून त्या शाळेच्या नळाला समुद्राचंच पाणी. पुढे 1994 मध्ये हैती आणि क्युबातून समुद्रमार्गे आलेल्या हजारो माणसांना तळावर ठेवलं, आणि कुटुंबांना पुन्हा घरं सोडावी लागली. परत आली ती 1995 च्या ऑक्टोबरात. म्हणून सांगतो, तळावर काय चाललंय ते कळायला पेपर नको. शाळेची घंटा वाजतेय का, तेवढं ऐकावं.

आणि ही सगळी जागा भाड्याची, बरं का! 1903 चा करार, 45 चौरस मैल, आणि वर्षाचं भाडं 4,085 डॉलर. मुंबईच्या पागडीवाल्या भाडेकरूंनी हेवा करावा असं भाडं. कॅस्ट्रोंनी 1959 मध्ये एकच चेक वटवला, तोही म्हणे गोंधळात. त्यानंतरचे चेक त्यांच्या टेबलाच्या खणात पडून राहिले. घरमालक भाडं घेत नाही आणि भाडेकरू जात नाही, याला आपल्याकडे कोर्टात तीन पिढ्या जातात.

नवी शाळा मंजूर झाली तेव्हा मुलं अडीचशेच्या आसपास. सहावी-सातवी-आठवीला वेगळी इमारत परवडणार कुठून? बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळे एकाच नव्या शाळेत, आणि ती बांधायला साडेसहा कोटी डॉलर मंजूर झाले होते. अडीचशे मुलं आणि साडेसहा कोटी, भागाकार तुम्ही घरी करा. तळावर मॅकडॉनल्ड्स आहे, आणि इग्वाना आहेत, म्हणजे मोठे सरडे, हातभर लांबीचे. त्यांना धक्का लावला तर मोठा दंड, त्यामुळे रस्त्यात इग्वाना बसला असेल तर गाडी थांबते. शाळेची बससुद्धा.

वेळ संपत आली, मागून खूण होतेय. यानंतर बाजारभाव आहेत. नमस्कार.