आधी काच, मग सुई

[गोठा, सकाळ. गाईच्या कानावर कॅमेरा अगदी जवळ.]

कान उलटा केला की दिसते ती ही गोचीड. रक्त पिऊन एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी आणि तिच्या शेजारी चपटा, तपकिरी नर. कासेच्या मुळाशी, शेपटीखाली, गळ्याखालच्या पोळीच्या घडीत अशा आणखी कितीतरी.

सातारा जिल्ह्यातलं फलटण, नीरा उजव्या कालव्याचा पट्टा. ऊस, मका, नेपिअर गवत आणि घरटी दोन-चार दुभत्या गाई, बहुतेक एचएफच्या, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन या विदेशी जातीच्या, संकरित. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली. तिथून आणि सरकारी केंद्रांतून विदेशी वळूंचं रेतन गावोगाव पोचलं, बादल्या भरू लागल्या. दुधाबरोबर या गाईंत एक नाजूकपणाही आला. शेजारच्या दावणीला बांधलेला हा खिल्लार बैल बघा. गोचिड्या त्याच्याही अंगावर आहेत, पण तो निवांत रवंथ करतोय. गोचिडीतून येणाऱ्या तापाला देशी जनावरं बरीच दाद देत नाहीत. संकरित गाय मात्र आडवी होते.

ही दुसऱ्या वेताची. परवापासून गव्हाणीकडे तोंड करत नाही. डोळ्यांतून पाणी, थर्मामीटरवर १०६. डॉक्टर खांद्याच्या पुढे बोटं फिरवतात. तिथली लसिका ग्रंथी एरवी हाताला जेमतेम लागते, आज ती लांबूनच दिसते आहे.

"काकू, इंजेक्शन दिलंय का कुणी?"
"दिलं की काल. ताप उतरला न्हाई, म्हणून तर तुम्हाला फोन केला."
"कुठलं दिलं?"
"पिवळं होतं."

गोचिडीतून ताप आणणारे सूक्ष्म जीव तीन: बबेसिया, ॲनाप्लाझ्मा आणि थायलेरिया. पिवळी औषधं निदान दोन आहेत. डिमिनाझिन चालतं बबेसियावर. ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं ॲनाप्लाझ्मावर. आणि ताप थायलेरियाचा असेल, तर डिमिनाझिन टोचून काही होत नाही. तिथं ब्युपारव्हाक्वोन लागतं, जे लाल असतं आणि खिशाला चांगलंच जड जातं. गोठ्यात या तिन्ही आजारांना गोचीडतापच म्हणतात, आणि पहिल्या दिवशी तिन्ही गाई दिसतातही सारख्याच: ताप, खाणं बंद, दूध आटलेलं. बबेसियात लघवी लाल होते खरी, पण ती होईपर्यंत वेळ हातची गेलेली असते.

डॉक्टरांनी बॅग उघडली आणि औषधाच्या आधी काचपट्ट्यांची पेटी बाहेर काढली.

[हात. काच. कान.]

कानाच्या कडेची शीर. केस कातरले, स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि थांबले. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं असतं. ओलं राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि काच वाया जाते. मग सुईचं टोक. रक्ताचा अगदी छोटा थेंब काचेच्या एका टोकाला घेतला. दुसरी काच तिरकी धरली, तीस ते पंचेचाळीस अंशांत. थेंबाला टेकवली, रक्त तिच्या कडेने पसरू दिलं, आणि एका दमात पुढे ओढली. मध्ये थांबायचं नाही, दाबायचं नाही. थेंब मोठा झाला तर थर जाड बसतो, हात अडखळला तर पट्टे उमटतात. नीट ओढलेल्या काचेला शेवटी विरळ, निमुळती कड येते. तिथं पेशी एकमेकींवर न चढता एकेकट्या बसतात. वाचायचं असतं तिथंच.

काच हवेत हलवून वाळवली. टोकाला पेन्सिलने गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे लिहिले. पेन चालत नाही, शाई पुढे मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. आणि काच लगेच पेटीत, कारण गोठ्यात ती उघडी राहिली तर माश्या रक्त चाटून मोकळ्या होतात. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं. दृश्य ठेवलंय, बघा.

मग दुसरी काच, सुजलेल्या गाठीची. सुई आत, किंचित फिरवून बाहेर, आणि सुईत आलं असेल तेवढं सिरिंजच्या हवेने काचेवर फुंकलं. शेवटी जांभळ्या झाकणाची नळी. तिच्यात ईडीटीए असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही.

एवढं झाल्यावर औषधाची बाटली निघाली.

रविवारी रात्री अकरा वाजता गाय पडली, तर अहवालाची वाट बघत बसणं कुणालाच परवडत नाही, हे अगदी मान्य. पण काच ओढायला दोन मिनिटं लागतात. काच ओढा आणि मग खुशाल टोचा. सुई आधी झाली, तर रक्तातले परजीवी कमी होतात आणि नंतर काढलेल्या काचेवर काही सापडत नाही. मग पुढचे चार दिवस सगळे अंदाजावर.

[प्रयोगशाळा. रंगाचं भांडं.]

काच मिथेनॉलमध्ये बुडवली, की पेशी जागच्या जागी घट्ट बसतात. नंतर गिम्झा. मूळ रंगाचा एक भाग, नऊ भाग बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं पाणी, आणि अर्धा-पाऊण तास. हा रंग हँबर्गच्या गुस्ताव गिम्झा या रसायनतज्ज्ञाचा, १९०४ सालचा, मलेरियाचा परजीवी दिसावा म्हणून बसवलेला. शंभराहून जास्त वर्षं झाली, गोठ्यातला ताप अजून त्याच रंगात बघितला जातो.

[संग्रहातली छायाचित्रं.]

गोचिडीवर संशय जाण्याची गोष्ट अमेरिकेतली आहे. टेक्सासची जनावरं हाकत उत्तरेला नेली, की ती स्वतः ठणठणीत राहत आणि उत्तरेकडची जनावरं पटापट मरत. शेतकरी म्हणायचे, हे गोचिडीचं काम. शास्त्रज्ञ हसायचे. १८८९ पासून थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी वॉशिंग्टनजवळ कुंपणं घालून प्रयोग केले. काही दक्षिणी जनावरांच्या गोचिड्या एकेक करून हाताने वेचून काढल्या, काहींच्या तशाच राहू दिल्या. जिथं गोचीड होती, तिथंच ताप आला. १८९३ साली त्यांचा अहवाल छापून आला. एखादा आजार किड्यामुळे पसरतो याचा हा पहिला भक्कम पुरावा. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासात मलेरिया सापडला, तो त्यानंतर चार वर्षांनी.

आणि त्याच १८८९ साली आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, जनावरांच्या रोगांची इम्पिरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच.

[सूक्ष्मदर्शकातून.]

हजारपट मोठं केलेलं दृश्य. गुलाबी गोल दिसतात त्या तांबड्या पेशी. हळू सरकू.

इथं थांबा. पेशीच्या आत बारीक अंगठी, निळसर कडा, एका बाजूला जांभळा ठिपका. शेजारच्या पेशीत स्वल्पविरामाचा आकार. हा थायलेरिया ॲन्युलाटा. पण सगळ्या काचेवर असे मोजकेच. तज्ज्ञ एवढ्यावर सही करत नाहीत.

तुलनेसाठी जुन्या संग्रहातली ही दुसऱ्या जनावराची काच: नासपतीच्या आकाराचे दोन जीव, निमुळती टोकं जुळलेली. बबेसिया बायजेमिना, ओळखायला सोपा. आणि हा पेशीच्या अगदी कडेला बसलेला गडद ठिपका ॲनाप्लाझ्मा. तो मुळात परजीवी प्राणी नाही, जिवाणू आहे. भल्याभल्यांना चकवतो, कारण नीट न गाळलेल्या रंगाचा कणही असाच दिसतो.

आता आपल्या गाईच्या गाठीची काच. मोठ्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात निळ्या पसाऱ्यावर विखुरलेले लालसर-जांभळे दाणे. कॉख ब्लू बॉडीज. रॉबर्ट कॉख यांनी आफ्रिकेतल्या गुरांत त्या पाहिल्या, म्हणून हे नाव. थायलेरिया आधी या पांढऱ्या पेशींत शिरतो, त्यांनाच भराभर वाढायला लावतो. गाठ सुजते ती त्यामुळे. तांबड्या पेशींत तो नंतर येतो. म्हणून रक्ताची काच गप्प असली, तरी गाठीची काच बोलते.

अहवालावर सही झाली. दवाखान्यात फोन गेला.

[नळ्या, पिपेट, अंधारी खोली.]

गोठ्यातल्या बाकीच्या, दिसायला धडधाकट गाईंच्या नळ्याही आल्या होत्या. बरी झालेली गाय महिनोन्महिने हा परजीवी रक्तात बाळगते, इतका थोडा की सूक्ष्मदर्शकाखाली नजरेला पडत नाही. त्यासाठी पीसीआर. रक्तातून डीएनए वेगळा काढायचा, आणि फक्त थायलेरियाच्या जनुकाला चिकटतील असे दोन छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, त्यात सोडायचे. यंत्र चौऱ्याण्णव अंशांवर धागे सुटे करतं, थंड करून प्रायमर चिकटवतं, बहात्तरवर नवी प्रत बनवतं. एका फेरीत दुप्पट, अशा तीस-पस्तीस फेऱ्या. यंत्र चालू असताना बघण्यासारखं काहीच नसतं, म्हणून थेट जेलकडे, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थराकडे, जाऊ.

अतिनील दिवा लागला. डावीकडची शिडी म्हणजे मोजपट्टी. पुढच्या दोन रांगांत एक खात्रीचा थायलेरिया, एक नुसतं पाणी. पाण्याची रांग चमकली असती, तर सगळी तपासणी केराच्या टोपलीत. ती काळीच आहे. आणि त्यापुढे, ७२१ बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या लांबीचं माप) उंचीवर, नारिंगी पट्टे. आजारी गाईच्या रांगेत, आणि न आजारी पडलेल्या दोघींच्याही.

[गोठा. भिंती.]

गाय उठली. या वेताचं दूध मात्र गेलं ते गेलंच, आणि शेजारच्या गोठ्यातली एक कालवड वाचली नाही.

थायलेरिया पसरवणारी हायलोमा गोचीड सगळं आयुष्य जनावरावर काढत नाही. रक्त पिऊन ती खाली उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुढच्या जनावराची वाट बघते. म्हणून नुसत्या गाईच्या अंगावर औषध मारून भागत नाही, फटीही बुजवाव्या लागतात. वासरांना दोन महिन्यांनंतर लस देता येते; ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, तेव्हा दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

नमुने जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात, किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात देता येतात. काचा वाळवून, कागदात गुंडाळून. नळी बर्फावर, पण गोठू न देता. आणि सोबतच्या चिठ्ठीत जनावराचं वय, वेत, तापाचा आकडा आणि आधी काही टोचलं असेल तर त्या औषधाचं नाव, बाटलीवर छापलंय तसं.