लाल डाग दिसला म्हणून मशीन खोलू नका

(नवी मुंबईतल्या कारखान्यांच्या मेंटेनन्स विभागांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, अकूस्टिक कॅमेरा म्हणजे आवाज कुठून येतो ते चित्रावर रंगाने दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर लाल डाग उमटला की लगेच पाना हातात घ्यायचा मोह होतो. त्याआधी तो डाग पडतो कसा, ते पाहू.

या यंत्राच्या चकतीवर अनेक मायक्रोफोन असतात, मध्ये साधा कॅमेरा. एका जागेहून निघालेला आवाज प्रत्येक मायक्रोफोनपर्यंत किंचित वेगळ्या वेळी पोचतो. ३० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर, म्हणजे अंतरात १० सेंटिमीटरचा फरक पडला की ०.२९ मिलिसेकंद उशीर. सॉफ्टवेअर चित्रातल्या एकेका बिंदूसाठी हे उशीर भरून काढतं आणि सगळ्या सिग्नलची बेरीज करतं. उगम खरंच तिथे असेल तर लाटा एकमेकींवर चपखल बसतात आणि बेरीज फुगते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये मशीनपर्यंतचं अंतर चुकीचं भरलंत तर डाग पसरतो.

आता खरी मेख वारंवारतेत आहे. १ मीटर व्यासाची चकती ५ मीटरवर उभी केली, तर ५००० हर्ट्झला साधारण ४० सेंटिमीटरवरचे दोन उगम वेगळे दिसतात. १००० हर्ट्झला तेच अंतर २ मीटरवर जातं. ट्रान्सफॉर्मरची घरघर १०० हर्ट्झची. तिथे हिशेब २१ मीटरवर पोचतो, म्हणजे अख्खं चित्र लाल! अशा वेळी कॅमेरा बाजूला ठेवा आणि दोन मायक्रोफोनचा इंटेन्सिटी प्रोब (आवाजाची ऊर्जा कोणत्या दिशेने वाहते ते मोजणारं साधन) जवळून फिरवा. म्हणून आधी स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज, याचा आलेख), मग चित्र. उलट क्रमाने केलेली मोजणी निव्वळ वेळेचा अपव्यय.

महापे-रबाळ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी अडचण: पत्रा आवाज परतवतो, आणि डाग भिंतीवर पडतो. चकती दोन-तीन मीटर बाजूला सरकवा. खरा उगम मशीनवर त्याच जागी राहील, परावर्तनाचा डाग पत्र्यावरून सरकेल. शंका उरलीच तर त्या जागी ग्लासवूलची जाड गादी लावून पुन्हा मोजा.

रंगपट्टी, म्हणजे सर्वात मोठ्या आवाजापासून किती डेसिबल खालपर्यंत रंग दाखवायचा ती मर्यादा, तीही फसवते. ती आपोआप जुळवायला सोडली की सर्वात मोठा आवाज लालच दिसतो, मग तो मुळात कितीही हळू असो. पट्टी २० डेसिबलपर्यंत ताणली, की नसलेले उगमही उमटू लागतात. सुरुवात ६ ते १० डेसिबलने करा. आणि दोन सारखे उगम असतील तर एक बंद केल्यावर फक्त ३ डेसिबल कमी होतात. काम फसलं असं समजू नका, दुसरा अजून चालू आहे.

कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधायला मात्र हे यंत्र बेफाम चालतं. गळतीचा फुसफुसाट २० ते ४० किलोहर्ट्झपर्यंत जातो, आणि तिथे मशीनचा गोंगाट बराच कमी असतो, त्यामुळे प्लांट चालू ठेवूनच काम उरकतं. जॉइंट, क्विक कपलर, रेग्युलेटर, सगळं बघत जा. सापडलेल्या जागी टॅग लावा आणि साबणाच्या पाण्याने खात्री करा. सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा एक्झॉस्टही तसाच चमकतो, पण तो हवा सोडतो तो त्याच्या कामाचा भाग म्हणून, स्ट्रोकबरोबर येतो-जातो. डाग सलग टिकला, तरच टॅग लावा.