ताई आणि भाई

(दृश्य: सकाळचा राजवाडा, पोह्यांची गाडी)

उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात, परातीत पोह्यांचा पिवळा ढीग. वर शेव, जिरावण मसाला, शेजारी गरम जिलबी. इंदूरचं राजकारण कळायचं तर इथं घटकाभर उभं राहावं. 'काँग्रेस की भाजप?' हा प्रश्न इथं कधीच शिळा झाला. विचारतात ते, 'ताईंचा की भाईंचा?'

१९८९ पासून इंदूरची लोकसभेची जागा भाजपकडेच आहे. म्हणून खरी झुंज तिकिटाची, आणि तीही घरातल्या घरात.

ताई म्हणजे सुमित्रा महाजन. चिपळूणची लेक, लग्न होऊन इंदूरला आली. आधी नगरसेवक, मग उपमहापौर. १९८५ ची विधानसभा हरल्या. १९८९ मध्ये समोर होते प्रकाशचंद्र सेठी. राज्याचे माजी मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री राहिलेले. महाजनांच्या सुनेनं त्यांना पाडलं. तिथून लागोपाठ आठ वेळा. २००९ मध्ये जेमतेम साडेअकरा हजारांनी निभावलं, तर २०१४ मध्ये मताधिक्य साडेचार लाखांच्या वर गेलं आणि ताई लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.

हिंदी बोलणारा रिक्षावालाही त्यांना 'ताई'च म्हणतो. दीदी नाही, बहनजी नाही. या एका शब्दाचं आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना फार कौतुक. ते लपवण्यात अर्थ नाही.

(दृश्य: नंदानगर, धनत्रयोदशी, किराणा दुकान)

हे नंदानगर, गिरणी कामगारांची वस्ती. गल्ल्यावर बसलेत ते भाई, म्हणजे कैलाश विजयवर्गीय. घरचं जुनं दुकान आहे. धनत्रयोदशीला ते इथं बसतात आणि गिऱ्हाईक सामानाआधी फोटो मागतं.

भाईंची सुरुवातही महापालिकेतूनच, त्याच दशकात. १९९० मध्ये आमदार, २००० मध्ये थेट जनतेनं निवडलेले महापौर. मतदारसंघ बदलत गेले: इंदूर चार, इंदूर दोन, महू. निवडणूक मात्र एकही हरले नाहीत. भजनाला बसले की माइक सोडत नाहीत. रंगपंचमीच्या तोंडावर बजरबट्टू या हास्यकवी संमेलनात सोंग घेऊन मिरवतात. मंत्री असा वेष करून रस्त्यावर आलेला आणखी कुठं पाहाल? ताईंचा दबदबा, भाईंचा गोतावळा. एका म्यानात दोन तलवारी तीस वर्षं कशा राहिल्या, याचं उत्तर फ्लेक्सवर बघा: दोघांचे हसरे चेहरे शेजारी-शेजारी, आणि कुणाचा किती इंच मोठा, हे कार्यकर्त्यांना पाठ.

(दृश्य: ताईंचं पत्र, पडद्यावर)

एप्रिल २०१९. लोकसभेच्या उमेदवारांच्या याद्यांमागून याद्या निघाल्या, इंदूरचं नाव काही येईना. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई थांबल्या, थांबल्या, आणि ५ एप्रिलला त्यांनीच पत्र काढलं: मला लढायचं नाही, पक्षानं निःसंकोच निर्णय घ्यावा. त्या 'निःसंकोच'वर जरा थांबा. तिकीट भाईंना मिळेल म्हणणारेही तोंडघशी पडले. ते गेलं शंकर लालवानींना.

२०२३ मध्ये पक्षानं भाईंना पुन्हा विधानसभेला उभं केलं. लढायची इच्छा नव्हती, हे त्यांनीच सभेत सांगून टाकलं. इंदूर एकमधून जिंकले, मंत्री झाले.

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला; भाईंनी त्याच्यासोबतचा गाडीतला फोटो टाकला. ताईंना ते रुचलं नाही, तसं त्या बोलल्याही. लालवानी पावणेबारा लाखांनी निवडून आले, 'नोटा'ला २,१८,६७४ मतं पडली.

(दृश्य: अहिल्योत्सवाची पालखी)

अहिल्याबाईंच्या पालखीसोबत ताई आजही दिसतात. पदर डोक्यावर, हात जोडलेले. खासदारकी गेली, पण गर्दीतून वाट करून देणारे हात तेच. बायका वाकून नमस्कार करतायत. कुणी मराठीत हाक मारतं, कुणी माळवीत.

पालखी राजवाड्यापाशी आली. ढोल वाजू द्या.

(निवेदन थांबते)