भीती की उतरलेली साखर?

(दृश्य : परीक्षेचा वर्ग)

पेपर सुरू आहे. टाइप १ मधुमेह असलेल्या १३ वर्षांच्या मुलीचे हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. पेपरची भीती, की साखर उतरली? तिला कळत नाही, आणि यात तिची काही चूक नाही. रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली जाऊ लागली की शरीर धडधड वाढवणारं संप्रेरक, अ‍ॅड्रेनलिन सोडतं. घाबरल्यावरही तेच सोडतं. म्हणून आधी साखर तपासायची. कमी असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्यामुळे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणारं संप्रेरक, बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं, आणि या आजारासोबत जगणं शक्य झालं. पण त्या जगण्यात रोजचा हिशेब आला : किती खाल्लं, किती युनिट घेतलं, खेळायला जाऊ का?

(दृश्य : रात्र, मुलाची खोली)

मित्रांदेखत एकदा साखर उतरून चक्कर येऊन पडलेला मुलगा पुढे मुद्दाम साखर चढीच ठेवतो. झोपण्याआधी जास्तीचं खातो, इन्सुलिन कमी घेतो. घरच्यांना तो बेफिकीर वाटतो. खरं तर तो घाबरलेला असतो. रात्री आई दबक्या पावलांनी येऊन साखर तपासायला त्याचं बोट हातात घेते, तेव्हा तो डोळे मिटून जागाच असतो. तिची काळजी त्यालाही कळते.

वयात येताना संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ताणानेही साखर चढते. म्हणजे सगळं नीट पाळूनही आकडा बिघडतो, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी प्रगतिपुस्तकासारखी अंगावर येते. अशा वेळी रागावणं फार महागात पडतं. मुलं आकडे लपवू लागतात. साखर ‘वाईट’ नसते, जास्त किंवा कमी असते. घरात एवढा शब्द बदलला तरी मूल खरा आकडा सांगायला धजावतं.

मुलांच्या मधुमेहावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मानसिक आरोग्याची चौकशी नियमित उपचारांचाच भाग मानली आहे. तेव्हा झोप उडाली, शाळा टाळली जाऊ लागली किंवा इन्सुलिन चुकवलं जाऊ लागलं, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. इन्सुलिन बंद पडलं तर रक्तात आम्ल साचून, म्हणजेच कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन जीव धोक्यात येतो. डॉक्टरांना लगेच कळवा, समुपदेशकाची मदत मागा. आणि ते बोलणं मुलासमोर, त्याला सोबत घेऊन करा.