आधी फोन कानाला लावा

२००१ चा जुलै असेल, चिपळूणजवळ सावर्ड्याला एक रिटायर्ड गुरुजी राहायचे, मुलगा अमेरिकेत, त्याला नुकतीच मुलगी झालेली आणि तिचा फोटो ईमेलवर येऊन पडलेला, पण फोनच्या तारेवरून येणारं ते इंटरनेट काही केल्या टिकत नव्हतं. लागायचं, पाच मिनिटं चालायचं की कट. माझ्या आधी दोघं जण येऊन गेले होते, एकाने विंडोज ९८ पुन्हा टाकलं, दुसऱ्याने मॉडेम बदलून दिला, पैसे गेले आणि दुखणं होतं तिथंच. मी गेलो तेव्हा काकू कॉम्प्युटरवरचं कव्हर काढायला लागल्या, मी म्हटलं काकू ते राहू द्या, आधी फोन कुठाय?

तुम्ही सगळे डिप्लोमाची मुलं, तुम्ही मॉडेमचा तो आवाज मोबाईलवर गंमत म्हणून ऐकला असेल, पण आम्हाला तो आवाज म्हणजे डॉक्टरच्या कानातला स्टेथोस्कोप होता. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली, त्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, मग कॉम्प्युटरचे आकडे पाठवायचे तर त्यांचा आवाज करायचा आणि पलीकडे त्या आवाजाचे पुन्हा आकडे करायचे, मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर, म्हणून मॉडेम. म्हणजे तारेवर जे काही चाललंय ते सगळं ऐकू येणारं आहे! बिघाड शोधायला यापेक्षा चांगली सोय नाही, म्हणून मी कुणालाही मॉडेमचा स्पीकर बंद करू देत नसे.

नीट ऐकलं की टप्पे कळतात बघा. आधी डायल टोन, मग नंबर, इंटरनेट देणाऱ्यांचे नंबर असायचे, संचारनेटचा १७२२३३ होता, व्हीएसएनएलचा १७२२२२, मग पलीकडचा मॉडेम उचलतो आणि २१०० हर्ट्झचा लांब पींऽऽऽ देतो, तो कशासाठी, तर मधली यंत्रणा प्रतिध्वनी दाबून टाकत असते तिला सांगायला की बाई तू आता गप्प बस, इथे दोघांना एकाच वेळी बोलायचंय. त्यानंतर ती टिडिंग-टिडिंग आणि खर्रर्र, तेव्हा दोघं मिळून तार मोजतात, किती स्वच्छ आहे, कुठला स्पीड झेपेल. हा खर्रर्र दोनदा-तीनदा झाला की समजायचं तारेत घाण आहे.

आता डायल टोनचीच एक गोष्ट, ही कित्येक जणांना माहीत नव्हती. कान लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतोय आणि कॉम्प्युटर म्हणतोय एरर ६८०, डायल टोन नाही. लोक मॉडेम फेकून द्यायचे. कारण असं की अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून बनतो, आपला ४०० हर्ट्झचा, तोही २५ हर्ट्झने थरथरणारा, काही बाहेरून आलेल्या मॉडेमना तो ओळखूच यायचा नाही. मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘वेट फॉर डायल टोन’ची टिक काढायची, नाहीतर एक्स्ट्रा सेटिंगमध्ये एक्स ३ टाकायचं, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर असा मॉडेमला हुकूम, झालं काम, एक रुपयाचा खर्च नाही.

एरर ६७६ म्हणजे पलीकडे एंगेज, वाट बघा. ६७८ म्हणजे उत्तरच नाही. आणि ६९१ आली की मी तर खूश व्हायचो, कारण ती पासवर्डची तक्रार आहे, म्हणजे तार चांगली, मॉडेम चांगला, पलीकडच्या दारापर्यंत आपण पोचलोय, फक्त कॅप्स लॉक बघा किंवा घेतलेले तास संपलेत का ते बघा. माऊस हलवला की कनेक्शन तुटतं अशीही केस यायची, कॉम १ या जोडणीवर माऊस आणि कॉम ३ वर मॉडेम, दोघांना प्रोसेसरला हाक मारायची एकच लाइन, आयआरक्यू ४, मग भांडण होणारच. आणि कॉल वेटिंग असेल तर तो बीप मॉडेमला धक्का देतो, ते बंद करून ठेवायचं.

बरं, ५६ के चा, म्हणजे सेकंदाला ५६००० बिटचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) मॉडेम घेतला म्हणून ५६ मिळत नाही, हे समजावताना माझा घसा बसायचा. टेलिफोन एक्सचेंज आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतं, त्या प्रत्येकात ७ बिट भरवशाचे, झाले ५६०००, पण ते कागदावर आणि तेही फक्त येताना, जाताना ३३६०० च. चाळीस हजारच्या वर लागलं तरी तार उत्तम म्हणायची.

तर गुरुजींच्याकडे मी फोन उचलला आणि एक आकडा दाबला. आकडा दाबला की डायल टोन थांबतो आणि काही सेकंद लाइन गप्प होते, त्या गप्पपणात कान द्यायचा. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज! बाहेर धो धो पाऊस. गुरुजींना विचारलं उन्हाळ्यात चालायचं का, म्हणाले हो रे, मे महिन्यात कध्धी तक्रार नव्हती.

मग छत्री घेऊन तारेच्या मागे मागे गेलो. घराच्या मागच्या बाजूला, बरोबर पागोळ्यांच्या खाली, कुणीतरी दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडवली तर आतून पाणी निथळलं आणि तांबं हिरवं पडलेलं, बोट लावलं तर भुगा झाला. तेवढा तुकडा कापला, चांगलं तांबं लागेपर्यंत तार सोलली, जोड ओसरीच्या आत घेतला.

आधी २१६०० ला लागत होतं, त्या संध्याकाळी ४५३३३ ला लागलं आणि एकदाच खर्रर्र झालं. फोटो वरून खाली पट्टी पट्टीने उघडत होता, आधी टोपरं दिसलं, मग कपाळ, काकू चष्मा पुसत म्हणाल्या, थांब थांब, अजून डोळे यायचेत.